लावलेली रोपं मोजलीत, आता आपणहून आलेली मोजा

वृक्षलागवडीच्या योजना आखणारे अधिकारी, रोपवाटिका चालवणाऱ्या संस्था आणि खासगी जमिनीवरच्या लागवडीची पाहणी करणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मालकीच्या एकरभर पडीक तुकड्यावर मी स्थानिक झाडांचं रान उभं करायला घेतलं. लाकूड नको होतं, फळं विकायची नव्हती. पाखरं, फुलपाखरं, सरडे, मुंगसं यांना हक्काची जागा मिळावी एवढाच हेतू होता. मागच्या पाहणीला एका कार्यालयातून आलेले गृहस्थ हातात तक्ता घेऊन ओळीने फिरले. खड्डा, रोप, जिवंत की मेलेलं, एवढंच त्यात भरायचं होतं. तक्ता भरून झाल्यावर मी त्यांना मधोमध उभ्या असलेल्या एका वठलेल्या झाडाखाली नेलं. वाकून पाला बाजूला केला तर 17 रोपं वर आलेली होती, पाच जातींची. त्यातल्या दोन जाती मी कधी लावल्याच नव्हत्या. रोपांची ती रांग सरळ नव्हती. वरची वाळकी फांदी जशी वळली होती तशीच ती खाली वळली होती. बुलबुल त्या फांदीवर येऊन बसतात आणि खाल्लेल्या फळांच्या बिया खाली पडतात. गृहस्थ म्हणाले, "ही लागवडीतली नाहीत, यांना रकाना नाही." जाताना त्यांनी शेरा मारला की वठलेलं झाड काढून तिथे नवीन रोप लावावं.

त्यांच्यावर माझा राग नाही. तक्त्यात जे विचारलं होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे भरलं. माझी तक्रार तक्त्याविषयी आहे, आणि तो तुम्ही तयार करता म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपणहून उगवलेल्या एका रोपामागे किती गोष्टी जुळून याव्या लागतात ते बघा. कुठेतरी त्या जातीचं झाड जिवंत असावं लागतं, त्याला फळ धरावं लागतं, ते खाणारं पाखरू इकडे यावं लागतं, त्याला बसायला फांदी मिळावी लागते. बी पडल्यावर तिला ओल आणि थोडी सावली लागते, शिवाय उंदराने ती खाऊ नये आणि गवताने दाबू नये. माझ्या तुकड्यावर हे सगळं जुळलं याचा पुरावा म्हणजे ती 17 रोपं. लावलेलं रोप जगलं, यातून मी पाणी घातलं एवढंच सिद्ध होतं. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे: पाहणीच्या तक्त्यात न लावलेल्या रोपांचा रकाना घाला आणि त्याला लावलेल्या रोपांपेक्षा जास्त वजन द्या.

ही माझी एकट्याची कल्पना नाही. इंग्लंडमधल्या मंक्स वुड या जुन्या जंगलाला लागून असलेलं सुमारे चार हेक्टरांचं बार्लीचं शेत 1961 मध्ये मोकळं सोडलं गेलं. त्याच जंगलाच्या कडेचा आणखी एक गवताळ तुकडा 1996 मध्ये तसाच सोडला. दोन्हीकडे कुणी एकही रोप लावलं नाही. आधी काटेरी झुडपं आली. जे नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी आणि उंदीर ओकची फळं नेऊन पुरतात आणि काही विसरतात. त्या विसरलेल्या फळांतून उगवलेली रोपं काट्यांच्या आडोशाने सशांपासून आणि हरणांपासून वाचली. आज 1961 च्या शेतावर पुरतं जंगल उभं आहे आणि त्यातली निम्म्याच्या आसपास झाडं ओकची आहेत.

मग लावायचं तरी कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मंक्स वुडच्या शेताला लागूनच जुनं जंगल होतं. बी यायला कुंपण ओलांडण्यापुरतंच अंतर होतं. माझ्या तुकड्याभोवती दूरवर शेतं आहेत. बुलबुल, मैना लहान बिया आणतात. मोठ्या बियांची फळं गिळणारी मोठी पाखरं उघड्या रानात क्वचितच उतरतात. त्या जाती माणसाने लावल्या नाहीत तर येणारच नाहीत. पण लावायचं म्हणजे सगळी जमीन खड्ड्यांनी भरून काढायची असं मुळीच नाही. कोस्टारिकाच्या दक्षिणेला कॅरेन होल आणि रकान झहावी यांनी 2004 पासून जुन्या कुरणांवर एक प्रयोग चालवला. काही तुकड्यांवर सलग लागवड केली, काहींवर झाडांची फक्त छोटी बेटं लावली आणि मधली जागा मोकळी ठेवली. पंधरा वर्षांनी पाहिलं तर बेटांच्या तुकड्यांवर आपणहून येणारं रान सलग लागवडीच्या जवळपास तोडीस तोड होतं, आणि रोपं मात्र कितीतरी कमी लागली होती. पाखराला बसायला जागा मिळाली की पुढचं काम ते करतं. तरीही योजनांच्या नियमांत एकरी इतकी रोपं, दोन रोपांत इतकं अंतर, हीच भाषा आहे. मी बेटं करून मधे जागा सोडली तर कागदावर तिची नोंद 'अपुरी लागवड' अशी होते.

इथे मियावाकी पद्धतीविषयी, म्हणजे थोड्या जागेत खूप दाट रोपं लावण्याच्या पद्धतीविषयी, बोलायला हवं, कारण हल्ली प्रत्येक बैठकीत तेच नाव पुढे येतं. अकिरा मियावाकी (1928–2021) मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. जपानमधल्या देवळांभोवती राखलेली जुनी रानं पाहून, माणसाचा हात लागला नसता तर या जागेवर काय उगवलं असतं, हा प्रश्न ते आधी विचारत. दाट लागवड ही त्यानंतरची गोष्ट. आपण मात्र दाटी उचलली आणि प्रश्न मागे ठेवला. चौरस मीटरला तीन रोपं धरली तरी एका एकराला 12,000 हून अधिक रोपं लागतात. एवढी रोपं एका मोसमात मिळवायची तर रोपवाटिकेत जे पडून असेल तेच घ्यावं लागतं. शिवाय जिथे निसर्गतःच विरळ झाडीचं, गवताळ रान असतं तिथे भिंतीसारखी झाडी लावणं चुकीचंच आहे.

तक्त्याचा याहून मोठा दोष मला फार उशिरा कळला. रोप मेलं की तुम्ही अनुदान कापता. मग माणूस काय करतो? न मरणारं रोप लावतो. सुबाभूळ लावतो, गिरिपुष्प लावतो, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावतो. ती जगतात, टक्केवारी भरते, सगळे समाधानी होतात. त्यातली सुबाभूळ तर जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या प्रसिद्ध यादीत घाणेरीच्या बरोबरीने आहे. स्थानिक जातींची रोपं मात्र सावकाश वाढतात, काही पहिल्या उन्हाळ्यात माना टाकतात, काही वरून पूर्ण वाळून पावसात बुडापासून पुन्हा फुटतात. माझ्याकडे मेलेल्यांत धरलेली बरीच रोपं पुढच्या पावसाळ्यात फुटून आली. जगभरातही हेच चाललं आहे. 2011 च्या बॉन आव्हानात देशांनी कोट्यवधी हेक्टर जमिनीवर वनं परत आणण्याचे शब्द दिले. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या आराखड्यांची छाननी केली, तेव्हा दिलेल्या क्षेत्रापैकी 45 टक्क्यांवर एकाच जातीची व्यापारी लागवड करायचं ठरलेलं दिसलं. आकडा झाडांचा मागितला तर झाडांचा आकडाच मिळतो, रान मिळत नाही.

रोपवाटिकांशी मला सविस्तर बोलायचं आहे, कारण निम्मी लढाई तिथे हरली जाते. पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून 'स्थानिक मिश्र रोपं' म्हणून मी जी खेप आणली, तिच्यात निम्म्याहून जास्त गुलमोहर आणि गिरिपुष्प निघाले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तिथे कुणी रान लावत असेल तर त्याने तो जरूर लावावा. इथल्या किड्यांची आणि त्याची जुनी ओळख नाही, अडचण एवढीच आहे. पान कुरतडणाऱ्या बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच वाढतात. त्या पानांतली रसायनं पचवायला त्यांच्या पूर्वजांना हजारो पिढ्या लागल्या आहेत. परकं झाड त्यांच्यासाठी जवळजवळ रिकामं असतं. आणि अळ्या नसतील तर पाखरांची पिल्लं जगत नाहीत. एरवी दाणे टिपणारी कित्येक पाखरंही पिल्लांना अळ्याच भरवतात. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी चिकाडी या चिमणीहून लहान पक्ष्याचा हिशोब मांडतात: एका घरट्यातली पिल्लं उडायला लागेपर्यंत जोडीला 6,000 ते 9,000 अळ्या आणाव्या लागतात, आणि त्याही घरट्याच्या आसपासच शोधाव्या लागतात. मी रान लावलं, झाडं हिरवीगार झाली आणि पानावर एकही भोक नाही, असं दिसलं तर मला आनंद होणार नाही.

म्हणून रोपवाटिकांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक रोपाबरोबर त्याची जात आणि बी कुठल्या भागातल्या, किती मातृवृक्षांचं आहे हे लिहून द्या. एकाच झाडाखालच्या बियांपासून केलेली हजार रोपं म्हणजे एकाच घरातली भावंडं; एक रोग आला की सगळी एकदम जातात. बी गोळा करणं वेळखाऊ आहे हे मला ठाऊक आहे. जांभळाचं बी काढलं की लगेच रुजवावं लागतं, वाळवून ठेवलं तर मरतं. बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक की घासल्या-चिरल्याशिवाय ते लवकर उगवत नाही. पण हे होऊ शकतं. तमिळनाडूतल्या अनैमलाईच्या डोंगरांत चहा-कॉफीच्या खासगी मळ्यांमधे उरलेले पावसाळी जंगलाचे तुकडे दिव्या मुदप्पा, टी. आर. शंकर रामन आणि त्यांचे सहकारी दोन दशकांहून जास्त काळ सुधारत आले आहेत. त्यांच्या रोपवाटिकेत दीडशेहून अधिक स्थानिक जाती वाढवल्या गेल्या. आमच्यासारख्यांकडून वर्षभर आधी मागणी घ्या, आम्ही थांबायला तयार आहोत.

उंच रोपांचा आग्रहही सोडा. तिसऱ्या वर्षी माझं एक चांगलं पुरुषभर उंचीचं झाड वाऱ्याने लोळवलं. बुंधा धरून उचललं तर सहज हातात आलं. खाली मुळं होती, पण सगळी गोल गोल, एकमेकींवर गुंडाळलेली. प्लास्टिकच्या पिशवीचा घेर मुळांनी जसाच्या तसा धरून ठेवला होता, तळाशी पिशवीचा दुमडलेला कोपरासुद्धा ओळखू येत होता. तीन वर्षांत एकही मूळ त्या घेराबाहेर नीट गेलं नव्हतं. ते झाड पिशवीतच जास्त काळ राहिलं होतं, उंच व्हावं म्हणून. वर्षभराचं वीतभर रोप, मूळ सरळ असलेलं, जमिनीत गेल्यावर त्याला दोन-तीन वर्षांत सहज गाठतं.

जातींच्या यादीत वड-उंबराच्या कुळाला पहिली जागा द्या. या कुळात जगभरात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत. उंबर फोडल्यावर जी केंबरं उडतात त्यांतल्याच चिमुकल्या माश्या त्याचं परागीभवन करतात. त्या माशीचं प्रौढ आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला फळाला आलेलं दुसरं झाड गाठावं लागतं. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत, कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतंच. इतर फळं संपतात त्या कडक दिवसांत ही फळं पाखरांना, वटवाघळांना तगवतात. 2001 मधल्या एका आढाव्यात ही फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या 1,200 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या. उंबराचं एक झाड लावलं की बिया आणणाऱ्यांची वर्दळ सुरू होते.

आता 'सफाई'. लागवडीआधी यंत्र लावून जमीन साफ करण्याची अट बऱ्याच योजनांत असते. माझ्या तुकड्यावरची बोरी-करवंदांची जाळी मी पहिल्या वर्षी अशीच काढून टाकली आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. त्या जाळीत किती रोपं दडलेली होती हे मी पाहिलंच नाही. न्यूझीलंडच्या बँक्स द्वीपकल्पावर ह्यू विल्सन 1987 पासून हिनेवाई हे खासगी राखीव रान सांभाळत आले. तिथल्या पडीक कुरणांवर युरोपातून आलेलं गॉर्स नावाचं काटेरी झुडूप माजलं होतं. विल्सन म्हणाले, ते काढू नका. ते उन्हाचं झुडूप आहे, त्याच्या आडोशाने स्थानिक झाडं वर येतील आणि आपल्या सावलीने त्याला मारतील. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण झालं तसंच. हा नियम सरसकट लागू होत नाही, दाट घाणेरीखाली फारसं काही येत नाही आणि तिथे ती काढावीच लागते. पण यंत्र लावण्याआधी एक पावसाळा वाकून बघावं, एवढं तरी नियमात लिहा.

काही जागी तर काहीच लावू नये. जुनं माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. तित्तर, चंडोल, धाविक यांना उघडं गवतच लागतं; तिथे झाडं उभी केली की ती पाखरं निघून जातात आणि त्यांच्या जागी झाडीतली नेहमीची चार पाखरं येतात. अशा जमिनीच्या मालकाने "मी गवत राखतो" म्हटलं तर त्यालाही तुमच्या योजनेत स्थान असावं.

तुकड्याच्या आकाराकडेही बघा. एक एकर चौरस असेल तर बाजू साधारण 64 मीटर. कडेचे 10 मीटर ऊन-वाऱ्याचे धरले तरी आत 44 मीटर बाजूचा शांत, दमट भाग उरतो, म्हणजे निम्म्याला थोडा कमी. तेच एकर 20 मीटर रुंद पट्टा करून लावलं तर आतला भाग शून्य. हद्दीने दोन ओळी लावण्याच्या योजना सावलीला ठीक आहेत, पण त्यांना रान म्हणू नका.

आणि ते वठलेलं झाड. तांबट आणि सुतार मऊ पडलेल्या लाकडात ढोल्या कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत पोपट, दयाळ, पिंगळे राहतात, कारण त्यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. कुजणाऱ्या लाकडावर वाढणारे किडे आणि बुरशी वेगळेच. युरोपातल्या जंगलांत तर एकूण जातींपैकी एक तृतीयांशापर्यंत जाती जुन्या किंवा मेलेल्या झाडांच्या आधाराने जगतात, असा अंदाज मांडला गेला आहे. रस्त्यावर किंवा घरावर पडेल अशा जागी असेल तर जरूर काढा. तुकड्याच्या मधोमध उभ्या झाडाला मात्र 'काढावे' असा शेरा मारू नका. पडलेलं खोडही उचलून न्यायला लावू नका.

पैशाविषयी थोडक्यात. खड्डे आणि रोपं यांसाठी पहिल्या वर्षी जे देता त्यातलं बरंचसं मागे ठेवा आणि दुसऱ्यापासून पाचव्या वर्षापर्यंत द्या. वणवा येतो तो गवत वाढल्यावर. जाळरेषा दरवर्षी काढावी लागते. गुरं येतात ती कुंपण कुजल्यावर. पाणी कमी करत नेऊन बंद करायचं असतं, गवत आळ्यापुरतंच काढायचं असतं, आणि हे सगळं मजुरीचं काम आहे.

शेवटचा मुद्दा भीतीचा आहे, आणि ती खरी आहे. मला कितीतरी जमीनमालक भेटले ज्यांना रान हवं आहे, पण उद्या एखादा संरक्षित जीव आला, झाडं मोठी झाली, तर जमीन आपल्या हाती राहील का, या धास्तीने ते हात आखडता घेतात. अमेरिकेत हे घडून गेलं आहे. रेड-कॉकेडेड नावाचा सुतार पक्षी जुन्या पाइन वृक्षांत ढोली कोरतो. तो संरक्षित झाल्यावर त्याने यायच्या आधीच झाडं तोडून टाकायला काही मालकांनी सुरुवात केली. तेव्हा 1995 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात 'सेफ हार्बर' नावाचे करार सुरू झाले: मालकाने स्वखुशीने अधिवास सुधारला आणि त्यामुळे जास्त पक्षी आले, तर त्या वाढीव पक्ष्यांसाठी त्याच्यावर नवी बंधनं येणार नाहीत. ब्राझीलमधे वेगळी वाट आहे. तिथे मालक आपणहून जमीन कायमची राखीव म्हणून नोंदवू शकतो आणि मालकी त्याचीच राहते. लेलिया आणि सेबास्तियाओ साल्गादो यांनी गुरं चारून उजाड झालेल्या आपल्या कौटुंबिक जमिनीवर 1998 पासून याच चौकटीत अटलांटिक जंगल परत आणलं, वीस लाखांहून अधिक झाडांचं. लहान तुकड्यांच्या मालकांसाठी असा एखादा लेखी शब्द तुम्ही द्या. तोंडी आश्वासनावर कुणी तीस वर्षांचं काम हाती घेत नाही.

पाहणीनंतर मी वठलेलं झाड तोडलेलं नाही, आणि त्याबद्दल जे काही कापायचं ते कापा. त्याखालच्या 17 रोपांपैकी 14 उरली आहेत; दोन सशाने खाल्ली, एक उन्हात गेलं. उरलेल्यांत भोकराचं एक रोप माझ्या कमरेला लागलंय. पुढच्या पाहणीला पावसाळा संपता संपता या, तेव्हा गवत बसलेलं असतं आणि खालचं नीट दिसतं. उभं राहून दिसणार नाही, गुडघे टेकावे लागतील. मी सोबत असेन.

आपला नम्र,
एक एकराचा मालक